कानाला किती वॅट लागतात?



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा माथाडी कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी विषय कळविला तो असा : 'घरात सुखाने गाणे ऐकण्यासाठी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कसा निवडावा.' लगेच चिटणिसांचा दूरध्वनी आला, "भाऊ, विषय लिहिताना काही गफलत तर झाली नाही ना?" गफलत झालेली नाही. मजुरी, बोनस, कामाचे तास यांसाठी आम्ही भांडतो. पण ते मिळाल्यावर माणसाने त्या मोकळ्या तासांत काय करावयाचे, हा प्रश्नही त्याच भांडणाचा दुसरा अर्धा भाग आहे. आणि त्या मोकळ्या तासांच्या सुखासाठी तो चार पैसे घेऊन बाजारात जातो, तेव्हा तेथेही त्याची लूट होऊ नये, हे पाहणे मी संघटनेचेच काम समजतो.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार थोडा आहे, तो आधीच सांगून टाकतो. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढची चार वर्षे मी नंदुरबारात एका लाऊडस्पीकरच्या दुकानात उमेदवारी केली. तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होते. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. लग्ने, सभा, सारंगखेड्याची यात्रा, जेथे म्हणून कर्णा लागे तेथे आम्ही बैलगाडीतून किंवा टेम्पोतून सामान नेत असू. नवे सेट ट्रान्झिस्टरचे आले होते, पण मागच्या खोलीत व्हॉल्व्हचे जुने सेट होते, आणि त्यांची दुरुस्ती मालकांनी मला शिकविली. बाकीची विद्या मी जुन्या बाजारातल्या पुस्तकांवरून, शब्दकोश शेजारी ठेवून मिळविली. तेव्हा कोठे चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

प्रसंग असा घडला

आमच्या संघटनेचे एक जुने सभासद साखर कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांना आपण आप्पा म्हणू. तीस गळीत हंगाम त्यांनी मिल हाऊसमध्ये फिटर म्हणून काढले. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली झाला. त्याचा हिशेब सोपा : नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरावयाचा सव्वीस दिवसांचा. तीस वर्षांचे होतात सतरा महिन्यांच्या पगाराहून थोडे अधिक. आयुष्यभराच्या घामाची ही रास! त्यातून मुलीचे देणे फिटले, घरावर पत्रे पडले. उरलेल्या रकमेतून आप्पांना एक हौस पुरी करावयाची होती. भीमसेन जोशी आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकड्या त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या होत्या. कोणीतरी सांगितले की, खरे गाणे ऐकावयाचे तर व्हॉल्व्हच्या यंत्रावरच. आप्पा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, दुकानदार म्हणतो शंभर वॅटचा घ्या. घेऊ का?"

मी विचारले, "आप्पा, तुमची खोली केवढी?"

"दहा बाय बारा."

"मग शंभर वॅट घेऊन तुम्हाला गाणे ऐकावयाचे आहे, की मोर्चा काढावयाचा आहे?"

ते हसले. पण त्यांचा प्रश्न खरा होता, आणि आजचे व्याख्यान म्हणजे त्याचेच लांबलेले उत्तर आहे.

झडप ती कशाची?

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. वाफेच्या नळावर आपण झडप बसवितो. हाताने चाक थोडेसे फिरविले की प्रचंड वाफ कमीजास्त होते. व्हॉल्व्हमध्ये वाफेच्या जागी विजेचे कण असतात. निर्वात केलेल्या काचेच्या नळीत एक नलिका तापवितात; तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या पत्र्याला शेकडो व्होल्टांचा धन दाब दिलेला असतो, म्हणून ते तिकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंग यांनी एवढेच केले होते. १९०६ साली अमेरिकेत ली द फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी घातली. जाळीवर तबकडीच्या सुईकडून आलेली इवलीशी विद्युल्लहर सोडली की पलीकडचा मोठा प्रवाह तिच्या तालावर नाचतो. ध्वनिवर्धन म्हणतात ते हेच. मर्फीचे जे रेडिओ ठाण्यात तयार होत, त्यांत याच नळ्या लुकलुकत. १९६० च्या दशकात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने तसल्या नळ्या आपल्याच देशात बनविल्या. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि नळ्या मागे पडल्या.

वॅटचा हिशेब

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. आपला कान सरळ हिशेबाने चालत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. तो फरक जेमतेम जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटावयास वॅट सुमारे दहापट करावे लागतात. म्हणजे पन्नास वॅटच्या जागी शंभरचा सेट घेणारा दाम मोजतो, आणि पदरात पडतात तीन डेसिबल.

शिवाय आवाज अ‍ॅम्प्लिफायर करीत नाही, स्पीकर करतो. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो : एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो. समजा, तो आकडा ९० आहे. आप्पा दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर बसले. मोकळ्या मैदानात तेवढ्या अंतराने सुमारे साडेनऊ डेसिबल घटतात, उरले ८०. स्पीकर दोन, म्हणून तीन वाढवा, झाले ८३. खोलीच्या भिंती आणखी थोडा आवाज परत देतात, तो वरकमाई समजून सोडून देऊ. घरात निवांत ऐकताना सरासरी ७० ते ७५ डेसिबल पुष्कळ होतात. म्हणजे ८३ च्या दहा डेसिबल खाली. आणि दहा डेसिबल खाली याचा अर्थ वॅटचा दशांश! आप्पांच्या कानाला बहुतेक वेळ एका वॅटचा दहावा हिस्सा पुरतो.

मात्र गाणे सरासरीवर चालत नाही. तान एकदम उसळते, तबल्यावर सम जोरात पडते. या उसळीसाठी सरासरीच्या वर पंधरा डेसिबल राखून ठेवावेत. त्यासाठी स्पीकरमागे सुमारे तीन वॅट लागतात. स्पीकर मंद असेल, म्हणजे आकडा ९० ऐवजी ८४ असेल, तर तीनच्या जागी बारा वॅट लागतील. म्हणून नियम असा : आधी स्पीकर पाहा, मग अ‍ॅम्प्लिफायर. स्पीकर ९० किंवा वरचा असेल तर पाच वॅटचा सेट चालतो. ८६-८७ चा असेल तर दहा ते पंधरा वॅटचा घ्यावा. याच्या वर लहान घरात गरज पडत नाही.

हे माझ्या पदरचे नव्हे. इंग्लंडमध्ये १९४७ साली विल्यमसन यांनी घरगुती संगीतासाठी जो नामांकित अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध केला, तो पंधरा वॅटचा होता. १९५४ साली मुलार्ड कंपनीने जो नकाशा दिला त्याचे नावच 'पाच-दहा' : पाच व्हॉल्व्ह, दहा वॅट. दिवाणखान्यासाठी त्या लोकांना एवढे पुरले. आपल्याकडे मात्र १९९० च्या सुमारास 'पीएमपीओ' नावाचे हजारांचे आकडे डब्यांवर छापून खेळण्यासारखे सेट विकले गेले. त्या आकड्याला कोणतेही एक ठरलेले माप नव्हते. विकत घेताना 'आर.एम.एस. वॅट किती?' एवढे विचारा. उत्तर देताना विक्रेता घुटमळला तर पुढच्या दुकानात जा.

गोडवा येतो कोठून?

कोणी म्हणेल, मग व्हॉल्व्हचा एवढा लौकिक कशाला? येथे थोडे खरे बोलले पाहिजे. प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर मूळ आवाजात स्वतःचे काहीतरी मिसळतो. तंबोऱ्याची तार छेडली की एकच स्वर निघत नाही. दुप्पट कंपनाचा तार षड्ज, तिप्पट कंपनाचा त्याच्या वरचा पंचम, पाचपटीचा गंधार, अशी सारी पिलावळ निघते. एकच शक्तिव्हॉल्व्ह असलेल्या साध्या सेटमध्ये मुख्यतः दुप्पट कंपनाची भर पडते. मूळ स्वर षड्ज असेल तर भर पडते ती षड्जाचीच, वरच्या सप्तकातली. ती कानाला खटकत नाही. आवाज भरल्यासारखा वाटतो. शिवाय व्हॉल्व्हला झेपेनासे झाले की तो हळूहळू दमतो. ट्रान्झिस्टरचा सेट बहुधा लाटेचा माथा एकदम छाटतो, आणि ते कानाला बोचते.

म्हणजे गोडव्याचा एक भाग ही भर आहे, शुद्धता नव्हे. चांगला ट्रान्झिस्टर सेट मूळ ध्वनीशी अधिक इमान राखतो, आणि तो स्वस्तही असतो. ज्याला तो आवडतो त्याने व्हॉल्व्हच्या मागे लागून कर्ज काढू नये. व्हॉल्व्ह ही हौस आहे. हौस म्हणून ती रास्त आहे.

व्हॉल्व्हच घ्यावयाचा ठरले तर मुख्य जाती दोन. पहिल्या जातीत एका बाजूला एकच शक्तिव्हॉल्व्ह असतो. 'ईएल ८४' नावाचा लहान व्हॉल्व्ह असेल तर सुमारे पाच वॅट मिळतात. दुसऱ्या जातीत दोन व्हॉल्व्ह जोडीने, करवत ओढणाऱ्या दोघांसारखे, आळीपाळीने काम करतात. 'ईएल ८४' च्या जोडीतून दहा-पंधरा वॅट आणि 'ईएल ३४' च्या जोडीतून तीस-पस्तीस वॅट निघतात. जोडीत दुपटीची भर बरीचशी आपसात कटते, आवाज स्वच्छ होतो. एकट्या गायकाचे गाणे मंद आवाजात ऐकणाऱ्याला पहिली जात मोह घालते. पण तिचा स्पीकरवरचा ताबा सैल असतो. डग्ग्याचा घुमारा हवा त्याहून लांबतो. सर्व तऱ्हेचे संगीत ऐकणाऱ्या घराने जोडीचाच सेट घ्यावा, असे माझे मत आहे.

हमालाची परीक्षा

व्हॉल्व्हमधून येणारी वीज दाबाने मोठी पण प्रवाहाने लहान असते. स्पीकरला हवा असतो नेमका उलटा माल. मध्ये दलाल लागतो, तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. 'ईएल ८४' ला समोर सुमारे ५,००० ओहम दिसावे लागतात आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. भागाकार ६२५, त्याचे वर्गमूळ २५. म्हणजे एका बाजूला तारेचे पंचवीस वेढे तर दुसरीकडे एक. हा दलाल प्रामाणिक हवा. खर्जासाठी त्यात लोखंड भरपूर लागते आणि वरच्या स्वरांसाठी वेढे थर पाडून कौशल्याने गुंडाळावे लागतात. सेटची खरी किंमत येथे जाते. नळ्या त्या मानाने स्वस्त असतात.

आप्पांबरोबर मी एका शहरात दुकाने पाहावयास गेलो. एका ठिकाणी फार देखणा सेट होता. पुढे दोन नळ्या, त्यांच्या बुडाशी केशरी प्रकाश. आप्पा हरखले. आमच्याबरोबर बाजार समितीतला एक हमाल मित्र होता. त्याने सेट एका हाताने उचलला आणि म्हणाला, "भाऊ, यात माल नाही." अगदी बरोबर! आत शक्तीचे काम एक ट्रान्झिस्टरची चकती करीत होती, नळ्या फक्त दर्शनी दारात होत्या, आणि केशरी प्रकाश तर बुडाखालच्या दिव्याचा होता. अशा मिश्र सेटमध्ये पाप नाही. पण तो मिश्र म्हणून विकला पाहिजे. म्हणून दुकानात गेल्यावर आधी वजन करा. खऱ्या सेटमध्ये तीन ट्रान्सफॉर्मर असतात, एक विजेचा आणि दोन आउटपुटचे, आणि ते उचलताना कंबर सांगते.

दुसरी परीक्षा कानाची. तबकडी न लावता, आवाजाची खुंटी शून्यावर ठेवून, स्पीकरपासून हातभर अंतरावर कान न्या. घुंईऽऽ असा आवाज दुकानाच्या गोंगाटात ऐकू आला, तर घरी रात्री तो तुम्हाला झोपू देणार नाही. तिसरी परीक्षा वेळेची. आपली ओळखीची तबकडी बरोबर न्या आणि एक तास ऐका. पहिल्या पाच मिनिटांत जो सेट दिपवितो तो तासाभरात कान शिणवितो, असा माझा अनुभव आहे. तासानंतर उठावेसे वाटले नाही तर समजा, जमले.

येथे एक इशारा. लाऊडस्पीकरच्या दुकानांत सभेचे जुने व्हॉल्व्ह सेट अजून धूळ खात पडलेले दिसतात. स्वस्तात मिळतो म्हणून तो घरी आणू नका. त्याचा ट्रान्सफॉर्मर माणसाचे भाषण लांब कर्ण्यांपर्यंत पोचविण्यासाठी गुंडाळलेला असतो. खर्ज आणि तार या दोन्ही टोकांना तो गाण्यावर अन्याय करतो. भाषणाचे यंत्र भाषणालाच ठीक. आम्हा पुढाऱ्यांचेही तसेच आहे म्हणा!

आपले घर, आपली वीज

पुस्तके थंड देशांत लिहिली जातात आणि आपण राहतो तापीकाठी. वैशाखात येथे पारा बेचाळिसाच्या वर जातो. लहान सेटही सुरू असेपर्यंत पन्नास-साठ वॅट वीज खातो, आणि तिची जवळजवळ सारी उष्णता होते. रोज तीन तासांनी महिन्याला सुमारे पाच युनिट होतात. खर्च मोठा नाही, पण उष्णता खोलीतच राहते. म्हणून सेट बंद कपाटात ठेवू नये, वर वीतभर जागा मोकळी असावी, आणि त्यावर क्रोशाचा रुमाल घालण्याची हौस गृहिणींनी आवरावी.

विजेचा दाब हा दुसरा मुद्दा. आपल्याकडे तो २३० व्होल्ट मानतात. पण धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत दिवा कधी पिवळा होतो आणि कधी फटकन जातो, हे आपण जाणता. दाब चढला की व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. तेथे स्टॅबिलायझर लावावा. परदेशातून जुना सेट आणणाऱ्याने मागची पट्टी वाचावी : जपानचा असेल तर १०० व्होल्टचा, अमेरिकेचा असेल तर १२० चा. तो थेट आपल्या भिंतीत लावला तर धुराशिवाय काही ऐकू येणार नाही.

तिसरा मुद्दा जिवाचा. या सेटच्या आत अडीचशे ते साडेचारशे व्होल्ट खेळत असतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये ते दबा धरून राहतात. मी सोळा वर्षांचा असताना सेट बंद केला, प्लग काढला, आणि निर्धास्तपणे आत हात घातला. शुद्धीवर आलो तो भिंतीशी. तेव्हा झाकण उघडू नका. घरात अर्थिंग नसेल तर आधी ते करून घ्या, मग सेट आणा. तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय तोडणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे आहे. लहान मुलांच्या घरात नळ्यांवर जाळीचे झाकण हवेच, कारण त्या हाताला भाजतात. आणि स्पीकरच्या तारा जोडल्याशिवाय सेट कधीही चालवू नका. ट्रान्झिस्टरचा सेट तारा एकमेकींना चिकटल्याने मरतो. व्हॉल्व्हच्या सेटचा ट्रान्सफॉर्मर तारा सुटल्याने जळतो.

शक्तिव्हॉल्व्ह काही हजार तास चालतात. रोज तीन तास ऐकणाऱ्याचे वर्षाला हजार तास होतात. म्हणजे काही वर्षांनी जोड बदलावा लागणारच. आज नव्या नळ्या मुख्यतः चीन, रशिया आणि स्लोव्हाकिया येथून येतात. म्हणून 'ईएल ८४', 'ईएल ३४', 'ईसीसी ८३' असल्या सर्वत्र मिळणाऱ्या जातींचाच सेट घ्या. आणि दुरुस्त करणारा माणूस किती कोसांवर आहे, हे पैसे देण्याआधी विचारा.

आप्पांचे पुढे काय झाले?

एक गोष्ट मी आप्पांना सर्वांत आधी करावयास लावली. ती म्हणजे कानांची तपासणी. ते कामावर होते तेव्हाच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती. पण मिल हाऊसमध्ये आवाज कोणी मोजलेला त्यांनी पाहिला नव्हता. अशा कामाने कानाची ४,००० कंपनांच्या आसपासची जाण आधी जाते. मग माणूस आवाज वाढवितो. आणि वाढविलेला आवाज त्याच दुखावलेल्या कानाला असह्य होतो. आप्पांचे तसेच निघाले. त्यांना मोठ्या आवाजाची नव्हे, मवाळ आवाजाची गरज होती. आम्ही प्रथम ९० डेसिबलचे स्पीकर घेतले, मग अर्थिंग केले, आणि शेवटी 'ईएल ८४' च्या जोडीचा बारा वॅटचा सेट घेतला. रात्री दहानंतर वस्तीत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातली आहे. आप्पांचे गाणे भिंतीपलीकडे जातच नाही. नातू शेजारच्या खोलीत झोपतो. आणि शंभर वॅटला जी रक्कम जाणार होती, तिच्यातले निम्म्याहून अधिक पैसे पोस्टात राहिले.

मित्रहो, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० रोजी ती मिळाली. त्यासाठी माणसे कित्येक वर्षे झगडली होती. ती सुट्टी बाजारातल्या आकड्यांनी दिपून जाण्यासाठी नव्हती. विश्रांती कशी घ्यावयाची याचे ज्ञानही कामगाराने मिळविले पाहिजे, नाहीतर जिंकलेला वेळ दुसरेच कोणी लुटून नेते. आप्पांच्या घरी गेल्या रविवारी मी मन्सूरांची तबकडी ऐकत बसलो होतो. खुंटी पावावर होती. तीस वर्षे गरगरणाऱ्या रोलरांशेजारी उभा राहिलेला हा माणूस डोळे मिटून बसला होता, आणि एक वॅटसुद्धा खर्च होत नव्हता.